घराची तयारी

(नैसर्गिक आपत्ती केव्हा येईल, हे आपल्या हाती नसते. पण ती आली तर आपले घर आपल्याला वाचवील की आपल्यावर कोसळेल, हे पुष्कळसे आपल्या हाती असते. मराठवाड्यातील लातूर आणि धाराशिव या जिल्ह्यांच्या उदाहरणावरून ही गोष्ट या पाठात समजावून सांगितली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, 'जमीन' हा शब्द तुम्ही घरी उर्दूत बोलता आणि मराठीच्या तासालाही बोलता. दोन्ही भाषांत त्याचा अर्थ एकच आहे. आपण जमिनीवर चालतो, जमिनीवर घर बांधतो, जमिनीत धान्य पेरतो. झाड वाऱ्याने हलते, नदीचे पाणी हलते. पण जमीन हलत नाही, असा आपला भरवसा असतो. कधीकधी मात्र हा भरवसा खोटा ठरतो. जमीनच हलू लागते. 'भू' म्हणजे जमीन आणि 'कंप' म्हणजे थरथर. म्हणून मराठीत याला भूकंप म्हणतात. तुम्ही ज्याला जलजला म्हणता, तो हाच.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट महाराष्ट्र विसरू शकत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून गावोगावची माणसे उशिरा झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात जमीन जोराने हादरली. औसा तालुक्यातील किल्लारी आणि जवळच्या सास्तूरसारखी मोठी गावे पाहता पाहता दगडमातीचे ढीग झाली. जोराचा धक्का एक मिनिटही टिकला नाही. तेवढ्यात सुमारे आठ ते दहा हजार माणसे प्राणास मुकली. हजारो जखमी झाली. बावन्न गावे जवळजवळ पूर्ण नष्ट झाली आणि पुढे ती नव्या जागी वसवावी लागली.

या भूकंपाची तीव्रता रिश्टर मापावर सुमारे ६.२ होती. आता याच्याशी दुसऱ्या एका भूकंपाची तुलना करून पाहा. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. आकड्यांत फरक थोडा दिसतो. पण या मापात आकडा एकाने वाढला, की जमिनीतून बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट वाढते. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या भूकंपाची ऊर्जा किल्लारीच्या भूकंपाहून दहा पटींपेक्षा जास्त होती. तरी तेथे ६३ माणसे दगावली.

मोठ्या भूकंपात थोडी माणसे दगावली आणि लहान भूकंपात हजारो, असे का झाले? याची कारणे एकाहून अधिक आहेत. किल्लारीला लोक झोपेत होते. कॅलिफोर्नियाचा भूकंप संध्याकाळी झाला. किल्लारीचा भूकंप जमिनीत फार खोल झाला नव्हता आणि त्याच्या अगदी वरच गावे होती. पण सर्वांत मोठे कारण म्हणजे घरे. मोकळ्या मैदानात उभ्या असलेल्या माणसाला भूकंप सहसा मारत नाही. माणसे मरतात ती अंगावर भिंत किंवा छप्पर पडल्यामुळे. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. या पाठात पुढे जे सांगितले आहे, ते सर्व या एका गोष्टीवर उभे आहे.

प्रथम जमीन का हलते, ते पाहू. पृथ्वीचे वरचे कवच अखंड नाही. ते मोठमोठ्या तुकड्यांचे बनलेले आहे. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. आपला भारत ज्या भूपट्टावर आहे, तो वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर या गतीने ईशान्येकडे सरकतो आणि आशिया खंडाच्या भूपट्टाला रेटतो. हिमालय याच रेट्यातून उंचावला. हा रेटा हिमालयापाशी सर्वांत जास्त जाणवतो, म्हणून तेथे मोठे भूकंप होतात. पण रेट्याचा ताण सगळ्या भारतीय भूपट्टात पसरतो. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाखाली फार जुन्या भेगा आहेत. ताण साठत साठत जातो. एखाद्या भेगेला तो सोसवेनासा झाला, की तेथील खडक एकदम सरकतात. त्यांच्या सरकण्याने निघालेल्या लाटा जमिनीतून चहूकडे धावतात. हाच भूकंप.

किल्लारीचा भाग पूर्वी अगदी सुरक्षित मानला जात होता. भारताचे भूकंपाच्या धोक्यानुसार भाग पाडलेले आहेत. त्या वेळच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या भागात होता. १९९२ साली या परिसरात लहान लहान धक्के पुष्कळ बसले होते. पण लहान धक्क्यांनंतर मोठा भूकंप येतोच असे नाही आणि येणारच नाही असेही नाही. म्हणून त्यावरून कोणालाही नेमके काही सांगता आले नाही. पुढे २००२ साली नकाशा सुधारला गेला आणि हा भाग तिसऱ्या भागात आला. त्याआधी कोयनेच्या बाबतीतही असेच घडले होते. तो भागही शांत समजला जाई. तेथे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. अलीकडे २०२४ साली हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते नांदेड, परभणीपर्यंत जाणवले. 'आमच्याकडे कधी असे झाले नाही,' हे वाक्य म्हणजे काही सुरक्षिततेचा दाखला नव्हे.

भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगता येत नाही. जगातील कोणत्याही शास्त्रज्ञाला ती सांगता आलेली नाही. म्हणून 'उद्या अमुक वाजता भूकंप होणार' अशी बातमी कोणी पसरवली, तर ती अफवा आहे असे खुशाल समजा आणि ती पुढे सांगू नका. मग आपण करायचे तरी काय? आपण घराकडे पाहायचे.

मराठवाड्यातील जुनी घरे कशी असत, हे तुम्ही आजीला किंवा नानीला विचारा. भिंती दगडांच्या, दोन दोन फूट आणि कधी त्याहूनही रुंद. दगड बसवायला चुना नाही, सिमेंट नाही, फक्त माती. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. अशा छपराला माळवद म्हणतात. हे घर वेडेपणाने बांधलेले नव्हते. दगड आणि माती गावातच मिळत. सिमेंट महाग होते आणि लाकूडही थोडे. जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात घर गार राही. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर पांढरी माती टाकत. उन्हाला, पावसाला, चोराला हे घर चांगले तोंड देत असे. ते एकाच गोष्टीसाठी तयार नव्हते, आणि नेमकी तीच गोष्ट घडली.

अशी भिंत वरून जाडजूड दिसते. पण आत पाहिले तर ती एक भिंत नसतेच. बाहेरच्या बाजूला दगडांची एक रांग, आतल्या बाजूला दुसरी रांग आणि मध्ये माती व लहान दगडांची भर. दोन्ही रांगांना एकत्र धरणारे काही नसते. जमीन हलली, की एक रांग बाहेर फुगते आणि दुसरी आत. मग दोन्ही ढासळतात. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत नीट गुंतलेल्या नसतील, तर त्या कोपऱ्यातूनच सुटतात. वर माळवदाचे ओझे असतेच. दरवर्षी नवी माती पडून ते वाढत गेलेले असते. भिंत सरकली, की ते ओझे झोपलेल्या माणसांवर येते. किल्लारीत हेच झाले. काही घरांत मात्र माळवद भिंतींवर न टेकता लाकडी खांबांवर उभे होते. अशा काही ठिकाणी भिंती पडल्या, तरी खांबांमुळे छप्पर वरच राहिले आणि आतली माणसे वाचली.

यावरून दगड वाईट आणि सिमेंट चांगले, असे समजू नका. दगडाचा काही दोष नाही. दोष आहे तो बांधणीचा. कमी सळया घातलेले, पाणी न मारलेले, कच्चे सिमेंटचे घरही कोसळते, आणि नीट बांधलेले दगडाचे घर टिकते. जुन्या भिंतीवर पाया न तपासता दुसरा मजला चढवला, तर तोही धोकाच. नव्या पक्क्या घराला चिकटून दगडमातीची एक खोली सहज बांधली, तर त्या खोलीपुरता जुना धोका परत आलाच.

मग घर नीट बांधणे म्हणजे काय? बैलगाडीचे लाकडी चाक तुम्ही पाहिले असेल. त्याच्या कडेला लोखंडाची पट्टी बसवलेली असते. तिला धाव म्हणतात. चाकाचे तुकडे वेगवेगळे असतात, पण धाव त्यांना गच्च आवळून धरते. म्हणून खाचखळग्यांतून जातानाही चाक विखरत नाही. घरालाही अशी धाव हवी. दारे-खिडक्या संपतात तेथे, त्यांच्या माथ्यावरून, चारही भिंतींवर न तुटता फिरणारा सळईचा आणि काँक्रीटचा एक पट्टा घालतात. असाच पट्टा जोत्याच्या उंचीवर आणि छपराच्या खाली घातला तर आणखी चांगले. मग भूकंपात चार भिंती चार दिशांना न पडता एकमेकींना धरून हलतात. दगडाच्या भिंतीत ठरावीक अंतरावर असे लांब दगड बसवतात, की जे भिंतीच्या आरपार जाऊन दोन्ही रांगांना बांधतील. कोपऱ्यांत उभ्या सळया घालतात. दारे-खिडक्या कोपऱ्याला अगदी लागून ठेवत नाहीत.

जुने घर पाडून नवे बांधणे प्रत्येकाला परवडत नाही. पण जुन्या घरातही पुष्कळ सुधारणा करता येते. १९९३ नंतर लातूर, धाराशिव आणि आसपासच्या जिल्ह्यांत फक्त बावन्न गावे नव्याने वसवली असे नाही. इतर अनेक गावांतील उभी राहिलेली घरे दुरुस्त करून बळकट केली गेली. माळवदावरची जादा माती उतरवून ओझे कमी करतात. खांब आणि तुळई जेथे मिळतात, तेथे तिरकस लाकडी आधार देतात. भिंतीत जागोजागी आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरतात. त्यामुळे दोन्ही रांगा जोडल्या जातात. ही कामे मोठ्यांची आणि जाणत्या गवंड्याची आहेत. तुम्ही मुलांनी ती करायची नाहीत. पण घरात बांधकामाची गोष्ट निघाली, तर 'भिंतींवरून पट्टा फिरवणार ना?' एवढा प्रश्न तुम्ही अब्बांना किंवा वडिलांना नक्की विचारू शकता. खर्चाच्या मानाने हा पट्टा फार मोठा नसतो; पण घर एकदा उभे राहिले, की तो घालायची संधी निघून जाते.

आता एक पैसाही न लागणाऱ्या तयारीकडे वळू. आज संध्याकाळी तुमच्या घरातून एक फेरी मारा. तुम्ही जेथे झोपता, तेथे उशाशी काय आहे ते पाहा. जड कपाट आहे का? वर फळीवर तांब्या-पितळेची भांडी, पाटा किंवा धान्याचे डबे आहेत का? जमीन हलली तर ते कोणावर पडेल? जड वस्तू खाली आणि हलक्या वर, अशी मांडणी बदला. अंथरूण कच्च्या भिंतीपासून आणि कपाटापासून जरा दूर घाला. कपाट शक्य असेल तर भिंतीला पक्के करून घ्या. रात्री दारासमोर सायकल, पोती, बाज ठेवू नका. अंधारात तीच वस्तू वाट अडवते. दाराची कडी घरातील लहान मुलालाही काढता आली पाहिजे. गॅसच्या टाकीचा रेग्युलेटर आणि विजेचा मुख्य खटका कसा बंद करायचा, हे घरातील सर्व मोठ्यांना ठाऊक असावे.

दुसरी तयारी म्हणजे एक पिशवी. ती दाराजवळ खुंटीला टांगलेली असावी. तिच्यात चालू बॅटरी, शिट्टी, पाण्याची बाटली, चिवडा-गुळासारखे टिकाऊ खाणे, मलमपट्टीचे सामान आणि घरातील आजारी माणसाची रोजची औषधे असावीत. रेशन कार्ड, सातबाराचा उतारा, बँकेचे पुस्तक, आधार कार्ड आणि तुमचा शाळेचा दाखला यांच्या प्रती प्लॅस्टिकच्या थैलीत गच्च बांधून त्यात ठेवा. घर पडल्यावर मदत मिळवण्यासाठी हेच कागद लागतात. दर दोन-तीन महिन्यांनी पिशवी उघडून पाहा. बॅटरीचे सेल आणि औषधे जुनी होतात, ती बदला.

तिसरी तयारी म्हणजे ठरवून ठेवणे. धक्का बसला तर सगळ्यांनी बाहेर कोठे जमायचे? अंगणात, मशिदीजवळच्या किंवा देवळापुढच्या मैदानात, की शाळेच्या पटांगणात? दादीला कोण धरील? लहान भावाला कोण उचलील? गोठ्यातील म्हैस कोण सोडील? ही नावे आधीच ठरली असली, म्हणजे ऐन वेळी चौघे एकाच कामाला धावत नाहीत आणि दुसरे काम तसेच राहत नाही. जनावराचे दावे एका ओढीत सुटेल अशा गाठीचे बांधा. शेजारच्या घरात कोण कोठे झोपते, हेही माहीत असू द्या. बाहेरून मदत येईपर्यंत वेळ जातो. ढिगाऱ्याखालून बहुतेक माणसांना पहिल्यांदा शेजारीच बाहेर काढतात. त्या वेळी कोणी जात-धर्म विचारत नाही. हाक कोठून येते, एवढेच ऐकतो.

प्रत्यक्ष धक्का बसला तर काय करावे? पक्क्या इमारतीत, उदाहरणार्थ शाळेत असाल, तर जिन्याकडे धावू नका. खाली बसा, मजबूत बाकाखाली किंवा टेबलाखाली शिरा, डोके हातांनी झाका आणि टेबलाचा पाय धरून ठेवा. हलणे थांबले, की गुरुजींच्या सांगण्याप्रमाणे रांगेने मैदानात जा. खिडकीच्या काचेपासून दूर राहा. कच्च्या भिंतींच्या आणि जड माळवदाच्या घरात असाल आणि दार दोन-चार पावलांवर असेल, तर चटकन मोकळ्या अंगणात या. दार दूर असेल, तर पलंगाखाली किंवा मजबूत टेबलाखाली आसरा घ्या आणि डोके झाका. बाहेर असाल तर भिंती, विजेचे खांब आणि अरुंद गल्ल्या यांपासून लांब जा. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत कच्छचा मोठा भूकंप झाला. त्या सकाळी अंजार गावात प्रजासत्ताक दिनाची मुलांची फेरी अरुंद रस्त्यातून चालली होती. दोन्ही बाजूंची घरे फेरीवर कोसळली. त्या फेरीत तुमच्याच वयाची मुले होती. म्हणून मोकळ्या जागेचे महत्त्व विसरू नका.

मोठ्या धक्क्यानंतर लहान धक्के बसत राहतात. तडा गेलेली भिंत त्यांनी पडू शकते. त्यामुळे 'माझे दप्तर आत राहिले,' म्हणून परत घरात शिरू नका. दप्तर दुसरे मिळते. गॅसचा वास येत असेल, तर काडी ओढू नका आणि विजेचे बटणही दाबू नका. कोणी ढिगाऱ्याखाली असेल, तर मोठ्यांना बोलवा आणि ११२ या क्रमांकावर फोन करा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक आहेत. ते आजच दाराच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

भूकंप क्वचित येतो. पण गावाकडे इतर संकटे दरवर्षी येतात. त्यांच्यासाठीही याच सवयी कामी पडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. धाराशिव जिल्ह्यातील भूम आणि परंडा तालुक्यांत नद्यांचे पाणी गावांत आणि शेतांत शिरले. ज्या मराठवाड्यातील लातूर शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते, त्याच मराठवाड्यात हा पूर आला, हे लक्षात घ्या. पुराच्या वेळी दाराजवळची ती पिशवीच प्रथम उचलायची असते. ओढ्यावरच्या पुलावरून पाणी वाहत असेल, तर ते कितीही थोडे दिसो, पुलावर पाय टाकू नका. गुडघाभर वेगाचे पाणीसुद्धा मोठ्या माणसाचे पाय उचलते. खाली पूल शाबूत आहे की वाहून गेला, हे वरून दिसत नाही. शाळा एक दिवस बुडाली तरी चालेल. पूर ओसरल्यावर विहिरीचे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका.

दुसरे संकट विजेचे. पावसाळ्याच्या आधी आणि परतीच्या पावसात दुपारनंतर ढग भरून येतात आणि वीज कडाडते. शेतात काम करणारी माणसे आणि शेळ्या राखणारी मुले पाऊस चुकवायला झाडाखाली उभी राहतात. नेमकी तीच जागा सर्वांत धोक्याची असते, कारण वीज उंच वस्तूवर पडते. वीज चमकल्यावर मनात अंक मोजा. ध्वनी तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर जातो. तीस अंक मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. घर जवळ नसेल, तर झाड, खांब आणि तारेचे कुंपण यांपासून दूर, सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसा. जमिनीवर आडवे पडू नका. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. त्याला हात लावायला घाबरू नका; ताबडतोब १०८ ला कळवा.

हे सर्व वाचून तुम्ही घाबरून जावे, असा हेतू नाही. भीती थोड्या दिवसांत ओसरते आणि तिच्याबरोबर तयारीही विसरली जाते. १९९३ ची पहाट ज्यांनी पाहिली, ती माणसे आता म्हातारी होत चालली आहेत. त्यांच्या नातवंडांना ती फक्त ऐकून माहीत आहे. ऐकलेली गोष्ट विसरायला वेळ लागत नाही. म्हणून तयारी ही भीतीवर नव्हे, तर सवयीवर सोपवावी. आपण रोज रात्री दाराला कडी लावतो, ती काय रोज चोर येतो म्हणून? ती एक सवय असते. जड डबा खालच्या फळीवर ठेवणे, वाट मोकळी ठेवणे, पिशवी तपासणे, घर बांधताना पट्टा घालणे, या सवयीही तशाच लागाव्यात.

जमीन पुन्हा केव्हा हलेल, हे कोणी सांगू शकत नाही. पण ती हलेल तेव्हा तुमच्या उशाशी कपाट असेल की मोकळी जागा, हे आज रात्रीच ठरवता येते.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) किल्लारीचा भूकंप केव्हा झाला?
(आ) माळवद म्हणजे काय?
(इ) बैलगाडीच्या चाकाला धाव कशासाठी बसवतात?

२. कारणे लिहा.
(अ) कॅलिफोर्नियाचा भूकंप मोठा असूनही तेथे कमी माणसे दगावली.
(आ) वीज कडाडत असताना झाडाखाली उभे राहू नये.
(इ) मोठ्या धक्क्यानंतर लगेच घरात शिरू नये.

३. जमीन, तयारी, मदत, खर्च, दाखला हे शब्द मराठीत आणि उर्दूत कसे वापरतात, ते पाहा. प्रत्येक शब्द मराठी वाक्यात योजा.

४. उपक्रम : तुमच्या घराचा साधा नकाशा काढा. त्यात दारे, झोपण्याच्या जागा, जड वस्तू आणि बाहेर जमण्याची जागा दाखवा. घरातील मोठ्यांबरोबर बसून कोणत्या वस्तूंची जागा बदलायची ते ठरवा आणि ती बदला.